रिफिल केल्यावर पान अर्ध्यातच फिकट पडतंय? हेड क्लीनिंग मारत बसायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम असा की इंकजेट प्रिंटरचं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, रिफिल केलं, बसवलं, पहिलं पान झक्कास, दुसरं पान अर्ध्यापर्यंत बरं आणि मग खालच्या ओळी फिकट होत होत शेवटी कागद जवळपास कोराच बाहेर. तासाभराने परत प्रिंट दिली की परत वरचा भाग मस्त आणि खाली परत तेच रडगाणं. मग आपण काय करतो, तर सॉफ्टवेअरमध्ये जाऊन हेड क्लीनिंग (कागदावर शाई सोडणाऱ्या भागाची सफाई) मारतो, एकदा, दोनदा, मग डीप क्लीनिंग, आणि ते झाल्या झाल्या एक पान चांगलं येतं म्हणून वाटतं सुटलो बुवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी हा खेळ जवळजवळ वर्षभर खेळलोय. शाईची बाटली बदलली, दुसऱ्या ठिकाणची शाई आणली, सुई बदलली, शाई विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि शेवटी कळलं की शाईचा काही दोषच नव्हता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अर्ध्या पानात फिकट पडणं हे बहुतेक वेळा हवेचं दुखणं असतं, शाईचं नाही. म्हणजे एकतर आत हवा जायला वाट नाही, नाहीतर हवेचा बुडबुडा नको तिथे जाऊन बसलाय. दोन्ही उलट गोष्टी आहेत पण कागदावर दिसतात सारख्याच, गोंधळ तिथेच होतो.

आधी आतमध्ये काय चालतं ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं जादूटोण्यासारखं वाटेल. एचपीची आणि कॅननची लहान घरगुती कार्ट्रिजं, ज्यांच्या खालच्या बाजूला चकचकीत पट्टी आणि मागे तांब्याचे ठिपके असतात, त्यांच्यात हेड कार्ट्रिजमध्येच असतं. वर शाईने भिजलेला स्पंज, खाली नोझल, म्हणजे शाई बाहेर पडायची बारीक भोकं. स्पंज शाई धरून ठेवतो म्हणून ती नोझलमधून आपोआप ठिबकत नाही. प्रिंट करताना जेवढी शाई खाली जाते तेवढी हवा वरून आत यायला लागते, आणि त्यासाठी झाकणावर, लेबलच्या खाली, बारीक भोक असतं, काही मॉडेलमध्ये त्या भोकापासून एक नागमोडी खाच निघून लेबलच्या कडेपर्यंत गेलेली असते. खाच नागमोडी कशाला, तर हवा आत येऊ दे पण शाई पटकन वाळू नये म्हणून. कंपनीवाल्यांनी डोकं लावलंय हो तिथे.

आता आपण काय करतो? लेबल टराटरा फाडून काढतो, भोकात सुई घालतो, शाई भरतो, दोन थेंब सांडतात ते खाचेत जाऊन वाळतात, आणि शाई बाहेर यायला नको म्हणून वरून सेलोटेप अशी गच्च दाबून लावतो की काही विचारू नका. झालं काम. हवा बंद. प्रिंटर अर्धं पान ओढतो तोवर आत ओढ तयार होते, स्पंज शाई सोडत नाही, पान फिकट. थांबलं की कुठून तरी हळूहळू थोडी हवा आत शिरते, ओढ कमी होते, म्हणून तासाभराने परत वरचं अर्धं पान छान येतं. क्लीनिंगमध्ये प्रिंटर खालून जोरात ओढून घेतो म्हणून तेवढ्यापुरती शाई येते. म्हणून तर हा प्रॉब्लेम परत परत येतो आणि आपण परत परत क्लीनिंग मारतो.

खात्री करायची असेल तर असं करा. आधी नोझल चेक किंवा टेस्ट पेज, म्हणजे प्रिंटरचं बारीक रेघांचं तपासणीचं पान, काढा. मग कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये पानभर एकाच रंगाचा गच्च चौकोन करून तो प्रिंट करा, आणि लगेच, मध्ये न थांबता, परत नोझल चेक. पहिला चेक पूर्ण आणि शेवटचा तुटका असेल तर शाई खाली पोचत नाहीये, म्हणजे हवेचा मामला. दोन्ही चेकमध्ये तुटक रेघा असतील पण तुटलेल्या जागा प्रत्येक वेळी वेगळ्या, तर नोझलच्या वर बुडबुडे फिरतायत. आणि दोन्ही वेळा अगदी त्याच जागी तुटलेलं असेल तर मात्र नोझल चोंदलंय नाहीतर जळलंय. ही तीन पानं काढायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात पुढचे चार दिवस वाचतात, मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर.

दुसरी टेस्ट टिशूची. कार्ट्रिज बाहेर काढा, टिशू पेपरची चार पदरी घडी करा, किंचित ओली, आणि नोझलची पट्टी त्यावर पाच-सहा सेकंद नुसती टेकवा. घासायचं नाही, टेकवायचं. काळ्याची एक ठसठशीत पट्टी उमटली पाहिजे, रंगीतच्या तीन वेगवेगळ्या. पट्टी भरभरून येते पण कागदावर काही येत नाही, तर शाई पोचतेय, दोष विजेच्या बाजूला आहे, म्हणजे तांब्याचे ठिपके घाण झालेत किंवा हेड गेलं. पट्टीच येत नाही तर वाट तुंबलीये.

हवेची वाट बंद असेल तर उपाय अगदीच सोपा. टेप काढा. खाचेत वाळलेली शाई ओल्या टिशूच्या टोकाने टिपून घ्या, भोकात सुईचं टोक हलकेच फिरवून मोकळं करा. मूळ लेबल जपून ठेवलं असेल तर तेच परत लावा, नसेल तर टेप लावा पण एक कडा तीन-चार मिलिमीटर उघडी सोडा. माझ्या काळ्या कार्ट्रिजचा वर्षभराचा ताप एवढ्यावर गेला, एका कोपऱ्यावर! तेव्हा हसावं की रडावं कळेना. पुढच्या रिफिलपासून लेबल फाडत नाही, केसांच्या ड्रायरने थोडं गरम करतो, नखाने एका बाजूने उचलतो आणि भरून झालं की परत चिकटवतो.

पण थांबा, इथे एक उलटा नियम आहे आणि तो न कळल्यामुळे लोक एकमेकांना चुकीचे सल्ले देतात. ज्या प्रिंटरमध्ये हेड वेगळं असतं आणि प्रत्येक रंगाची सुटी टाकी असते, त्यातल्या काही टाक्यांमध्ये, जसं कॅननच्या बऱ्याच, दोन कप्पे असतात, एकात स्पंज आणि दुसऱ्यात मोकळी शाई हलताना दिसते. तिथे आपण मोकळ्या कप्प्याला भोक पाडून भरतो, आणि ते भोक मात्र एकदम हवाबंद करायला लागतं, बुचाने किंवा गरम गोंदाने. ते उघडं राहिलं की मोकळी शाई सगळी स्पंजात उतरते, स्पंजाला पेलवत नाही आणि खालून ठिबकायला लागते. म्हणजे स्पंजाच्या बाजूचं भोक उघडं आणि मोकळ्या शाईच्या बाजूचं गच्च बंद. एक जण सांगतो भोक बंद करा, दुसरा सांगतो उघडं ठेवा, आणि दोघंही आपापल्या कार्ट्रिजपुरते बरोबर असतात.

आता बुडबुड्यांचं. हे बहुतेक भरताना घाई केल्याने होतं. सिरिंज दाबली की शाई स्पंजात इतक्या जोरात शिरते की हवेचा कप्पा आतच अडकतो. सुई स्पंजात खोलवर घाला, बुडापर्यंत टेकवून मग जरा वर घ्या, आणि अक्षरशः थेंब थेंब सोडत सुई हळूहळू वर आणा. भोकात शाई चमकायला लागली की थांबा, आणि वर आलेली थोडी शाई परत ओढून घ्या, कारण तुडुंब भरलेलं कार्ट्रिज हे रिकाम्यापेक्षा जास्त त्रास देतं. बाटलीवर किती मिली लिहिलंय त्याच्याकडे बघू नका, आत आधीची किती शिल्लक आहे ते बाटलीला काय माहीत. भरल्यावर नोझल खाली करून टिशूवर टेकवून घ्या आणि मग निदान दोन-तीन तास तसंच राहू द्या, मी तर रात्रभर ठेवतो. भरलं की लगेच बसवून वीस पानं मारणारे लोक मला माहिती आहेत (मीच).

बुडबुडा अडकलाच असेल तर कार्ट्रिज टिशूत गुंडाळून, नोझल खालच्या दिशेला ठेवून, मनगटाने थर्मामीटर झटकतात तसं चार-पाच वेळा झटका. हवा वर जाते, शाई खाली येते. काही जण कार्ट्रिज मोज्यात घालून गरागरा फिरवतात, ते पण काम करतं, नोझल मोज्याच्या तळाकडे हवं. फक्त मोजा दुहेरी घ्या आणि आत भरपूर टिशू कोंबा. मी एकच मोजा घेऊन बाथरूममध्ये फिरवलं आणि भिंतीवर गुलाबी ठिपक्यांची जी रांग उमटली ती अजून आहे, आता घरचे कोणी पाहुणे आले की त्यांना दाखवतात.

चोंदलेलं असेल तर गरम पाणी. डिस्टिल्ड वॉटर कोमट ते जरा कडक एवढं गरम करा, बशीत दोन-तीन मिलिमीटर घ्या आणि कार्ट्रिजची फक्त नोझलची पट्टी त्यात बुडेल असं पाच मिनिटं उभं करा. तांब्याचे ठिपके कोरडे राहिलेच पाहिजेत, ओले झाले तर पूर्ण वाळेपर्यंत बसवू नका. मग टिशूवर टेकवा, पट्टी येते का बघा, नाही आली तर परत. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळून परत तिथेच बसतात. आणि सुईने नोझल उकरायचं डोक्यात आलं तर सुई ठेवून द्या, ती भोकं माणसाच्या केसापेक्षा बारीक असतात.

हेड प्रिंटरमध्येच असेल, म्हणजे एप्सन, ब्रदर वगैरे, तर अजून एक जागा बघायची जी कोणी बघत नाही. काम झाल्यावर हेड ज्या बाजूला जाऊन थांबतं तिथे खाली रबराची एक चौकोनी वाटी असते, हेडला झाकण म्हणून. तिच्या कडेला वाळलेली शाई साचली की झाकण नीट बसत नाही, मग हेड पण वाळतं आणि क्लीनिंग करताना ओढ पण बसत नाही. कोमट डिस्टिल्ड पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती कड पुसून घ्या. आणि प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका! प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की तो हेड आधी झाकणावर नेऊन ठेवतो, मधेच वीज गेली की हेड उघडंच राहतं आणि दोन दिवसांत वाळतं. शाई लोकल आहे म्हणून चोंदली असं सगळे म्हणतात, त्यातली बरीच भिंतीवरच्या बटणाने चोंदलेली असते.

हेड क्लीनिंगवर एवढा राग का, तर ती शाई जाते कुठे ते बघा. ती प्रिंटरच्या पोटातल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत, जाते, आणि प्रिंटर त्याचा हिशोब ठेवतो. हिशोब भरला की एप्सनवर इंक पॅड संपल्याचा मेसेज येतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर ५बी०० एरर, आणि प्रिंटर काम करायचं बंद करतो, कार्ट्रिज भरलेलं असलं तरी. म्हणजे शाई वाचवायला रिफिल केलं आणि शाई पॅडला पाजून प्रिंटर घालवला. लागोपाठ दोन क्लीनिंगने फरक पडला नाही तर तिसरी मारू नका, काही तास थांबा आणि वरच्या टेस्ट करा.

रंगांची गडबड हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. पिवळा हिरवट यायला लागला म्हणजे निळा पिवळ्यात गेलाय, एकतर जास्त भरलं म्हणून, नाहीतर नोझलवर टेप लावून ठेवलं आणि टेपच्या खाली रंग एकमेकांत गेले म्हणून. टिशूवर परत परत टेकवा, पिवळी पट्टी स्वच्छ होईपर्यंत, बहुतेक वेळा निस्तरतं. तीन भोकांपैकी कुठलं कुठल्या रंगाचं हे चित्र बघून ठरवू नका, मॉडेलप्रमाणे बदलतं, प्रत्येक भोकात नवी टूथपिक घालून टिशूवर पुसा आणि डोळ्यांनी बघा. गडद रंग टूथपिकवर सारखेच दिसतात, टिशूवर पुसल्यावरच कळतात.

काळ्या शाईबद्दल मात्र नीट बघून घ्या. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळा पिग्मेंट असतो आणि रंग डाय. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पिग्मेंट म्हणजे बारीक कण तरंगणारी शाई. पिग्मेंटच्या जागी डाय भरला की अक्षरांच्या कडा पसरतात आणि पाण्याचा थेंब पडला की अख्खी ओळ वाहून जाते. उलटं केलं, डायसाठी बनवलेल्या हेडमध्ये पिग्मेंट घातला, तर कण अडकून चोंदायची शक्यता. दोन जातींची शाई एकाच कार्ट्रिजमध्ये मिसळणं तर नकोच, कधी कधी आत गुठळ्या होतात. तुमच्या जुन्या प्रिंटचा एक कागद घ्या, ओलं बोट अक्षरावरून फिरवा. फरपटला तर डाय, जागेवर राहिला तर पिग्मेंट. बाटलीवर काय लिहिलंय ते मग बघा.

आता चिपचे, म्हणजे कार्ट्रिजची ओळख आणि शाईचा हिशोब ठेवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याचे, मेसेज. रिफिल केलेलं कार्ट्रिज रिकामंच दाखवणार, कारण बहुतेकांत शाई मोजणारं काही नसतं, किती थेंब उडवले त्याचा नुसता हिशोब असतो आणि आपण भरलेलं त्याला कळत नाही. एचपीवर वापरलेलं किंवा बनावट असा मेसेज येतो, ओके करून पुढे जाता येतं. कॅननच्या पिक्स्मावर १६८८ सारखा कोड आला की स्टॉपचं बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरा, शाई मोजणं बंद होतं आणि प्रिंट सुरू होते. पण मग लक्ष तुम्हीच ठेवायचं. एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये बारीक हीटर असतात, क्षणभर ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून शाईचा बुडबुडा करतात आणि थेंब बाहेर फेकतात, आणि त्या हीटरला थंड ठेवते ती शाईच. कोरडं चालवलं की हीटर जळतो, मग गरम पाणी काय आणि मोजा काय. पान फिकट व्हायला लागलं की अजून चार पानं निघतील असा मोह नको, तिथेच कॅन्सल करा आणि भरा. एप्सनमध्ये हीटर नसतात, दाबाने थेंब पडतो, पण तिथे चिप शून्यावर गेली की प्रिंटर सरळ थांबतो, त्यामुळे रिसेट होणारी चिप लागते.

आणि चांगलं चालणारं कार्ट्रिज एका सकाळी अचानक ओळखतच नाही असं झालं तर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालंय का बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट प्रिंटरांनी असंच एकाएकी बाहेरची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली होती, बराच गदारोळ झाला होता. इथे एक फरक लक्षात ठेवा, ती अडवणूक चिपवर आहे, शाईवर नाही. कंपनीचं मूळ कार्ट्रिज मूळ चिपसकट रिफिल केलं असेल तर ते चालतं, अडतात ती नकली चिप लावलेली नवीन कार्ट्रिजं. म्हणून मी तयार स्वस्त कार्ट्रिज घेण्यापेक्षा मूळ कार्ट्रिज भरणं केव्हाही पसंत करतो. एचपीच्या सेटिंगमध्ये कार्ट्रिज प्रोटेक्शन म्हणून एक पर्याय असतो तो आधीच बंद करा, तो चालू असताना लावलेलं कार्ट्रिज त्याच प्रिंटरला कायमचं बांधलं जातं, नंतर बंद करून ते सुटत नाही. चिपशिवाय चालूच शकत नाही असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर गंमत सांगा, जानेवारी २०२२ मध्ये चिपचा तुटवडा होता तेव्हा कॅननने स्वतःच ऑफिसच्या मशीनसाठी बिनचिपची टोनर (शाईऐवजी पावडरची) कार्ट्रिजं दिली आणि प्रिंटरवर येणारी वॉर्निंग ओके करून पुढे कसं जायचं ते पण सांगितलं.

तांब्याचे ठिपके पुसायला धागे न सुटणारं फडकं डिस्टिल्ड पाण्यात जरासं ओलं करून घ्या, कार्ट्रिजचे पण पुसा आणि आत प्रिंटरमधले पण, आणि नोझलकडून ठिपक्यांकडे पुसू नका, नाहीतर शाईच फासली जाते.

एवढं सगळं करून नोझल चेकमध्ये त्याच त्या रेघा तुटलेल्या राहिल्या, टिशूवर पट्टी मात्र छान येतेय, तर ते हेड जळलंय, त्याच्यामागे लागू नका. माझ्याकडे एक कार्ट्रिज साधारण चार-पाच वेळा भरून होतं, मग आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागतात आणि मी नवीन आणतो. नवीन आणलं की ते पूर्ण संपायची वाट बघत नाही, फिकट व्हायच्या आधीच पहिलं रिफिल करतो, आणि आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक छोटं पान काढतो, काही काम असो नसो. लेबलचा तो कोपरा अजून उघडाच ठेवतो.